गलाईवाले सयाजीआप्पा आणि बिननावाची पोर

विट्याच्या सयाजीआप्पांशी मी जेवढी भांडले, तेवढी नवऱ्याशीही भांडले नसेन.

आप्पांनी चाळीस वर्षं कोइमतुरात गलाई केली, म्हणजे सोनं गाळलं. दागिना काळ्या दगडावर घासायचा, कस लावायला रेघेवर तेजाब, म्हणजे जहाल आम्ल, सोडायचं आणि सोनं किती खरं ते सांगायचं. त्यांचा शब्द शेवटचा. पुढे दुकान मुलाच्या, हंबीररावाच्या हाती देऊन ते गावी आले. दहा वर्षांनी हंबीररावही परतला, पण टीबीनं खंगून, तोंडात पांढरे चट्टे घेऊन. ते १९९६ साल. मी सांगलीत रक्त तपासायची. त्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट माझ्याच हातचा. महिन्याभरात तो वारला. हा विषाणू आठ-दहा वर्षं अंगात चूप बसतो. माणूस हसतो, लग्न करतो, आणि आत रक्तातल्या लढणाऱ्या पेशी रोज कमी होत असतात. मला त्याची भीती वाटायचीच, पण नवलही वाटायचं.

मग आप्पा सुनेला, आक्काताईला घेऊन आले. कडेवर दीड महिन्याची पोर. ती जन्मली तेव्हा बाप अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे पोरीचं बारसंही राहिलं होतं. दोघींचं रक्त पॉझिटिव्ह आलं.

"आप्पा, आईचा रिपोर्ट पक्का. पोरीचा अजून कच्चा," मी म्हटलं. "अंगावरचं दूध आजपासून बंद करा, आणि दीड वर्षाची झाली की परत आणा."

"आवं म्याडम, कस एकदा लावला की लावला. सोनं उद्या पितळ व्हतं व्हय?"

"रक्त म्हणजे सोनं नव्हे!" मी ओरडलेच. "ही तपासणी विषाणू बघतच नाही. त्याच्याशी लढायला शरीर जे प्रतिपिंड बनवतं, ते बघते. आईचे प्रतिपिंड नाळेतून बाळात उतरतात. हे आईचे की पोरीचे, मला आज कसं कळणार? आईचे असतील तर दीड वर्षात विरून जातील."

तोवर खाली बघत बसलेली आक्काताई हळूच म्हणाली, "वासराला चिकातनं गाईचं बळ मिळतं, तसं व्हय?"

मी बघतच राहिले. मला समजायला दोन वर्षं लागली होती, आणि हिनं बसल्या बसल्या ओळखलं!

आप्पांना मात्र पटलं नाही. "जगायची न्हाई, तिला नाव कशाला?" म्हणाले आणि बारसं रद्द केलं. घरात पोरीला नुसतं "ए बाळी" म्हणत. माझ्या रजिस्टरातही 'आक्काताईचं बाळ' एवढंच. हंबीररावाच्या बहिणीनं माहेरी यायचं सोडलं. आक्काताई पाण्याला गेली की बायका आपापल्या घागरी बाजूला ओढत.

दर महिन्याला आप्पा दोघींना घेऊन यायचे. लढणाऱ्या पेशी मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. मी आक्काताईचं वजन करायची, तोंड उघडून बघायची, ताप-खोकला विचारायची. पोर बाकाखाली रांगायची आणि आप्पा भिंतीकडे बघत बसायचे. एकदाही तिला मांडीवर घेतली नाही. काय दगडाचं काळीज म्हणायचं हे! माझा नुसता तिळपापड व्हायचा.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत पोर आपल्या पायांनी चालत आली. मी रक्त काढलं, प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या एका खळग्यात तिचं, शेजारच्या खळग्यात आईचं. तपासणीच्या शेवटच्या पायरीला आप्पांना आत बोलावलं. नियमात बसत नव्हतं, पण नियम राहू दे तिकडे!

"पिवळं झालं तर वाईट," मी सांगितलं.

"जल्मभर पिवळं बघाय तरसलो, आन आज नगं म्हनाय लागलोय," आप्पा पुटपुटले.

आक्काताईचा खळगा पिवळा झाला. पोरीचा पाण्यासारखा स्वच्छ राहिला. मी दुसरं किट उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा स्वच्छ. अगं बाई! आईच्या रक्तातलं ते सगळं त्या इवल्याशा देहात दीड वर्ष राहिलं होतं आणि मागमूस न ठेवता निघून गेलं होतं. हजारो नमुने तपासलेली मी, तिथं खुळ्यासारखी उभी होते.

आप्पांनी ताटलीला नाक लागेल एवढं वाकून बघितलं. "आईचंच व्हतं समदं," ते म्हणाले. मग बाहेर जाऊन सुनेपुढं उभे राहिले; मी मागोमाग होतेच. "माजं चुकलं, पोरी. आजच नाव ठेव." आणि माझ्याकडे वळून, "हिची आत्या काय येत न्हाई. तुमीच व्हा आत्या."

मी पोरीला उचललं. आक्काताईनं क्षणभरही विचार केला नाही. "शिवांजली," ती म्हणाली. "मी रोज म्हनायची तिला, कुनी नसलं की."

मी पोरीच्या कानाला तोंड लावून "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. आत्यानं नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आक्काताईचा हात वर गेला आणि तसाच थांबला. दीड वर्षात तिनं पोरीशिवाय कुणाला हात लावला नव्हता.

"घाल की गं!" मी पाठ वाकवली.

तिनं घातला, चांगला सणसणीत. मग दुसरा, तिसरा. चौथ्याला माझ्या पाठीवर डोकं टेकून ती रडायला लागली.