जहाजातली कोरी खोली

हे मी नवऱ्याजवळही कधी बोलले नाही. बोलणार तरी काय? कॉम्प्युटरवरच्या एका गेमची गोष्ट — लोक हसतीलच. हसा. पण आधी ऐकून घ्या.

माझे सासरे, मामा, सोलापुरात चादरीच्या कारखान्यात नक्षीचे ग्राफ काढायचे. रिटायर झाल्यावर वेळ जात नाही म्हणून नवऱ्याने त्यांना हा गेम लावून दिला. समुद्रात सोडून दिलेलं जहाज, आत चिटपाखरू नाही, आणि कप्तान कुठे गेला ते आपण शोधायचं. वेळ मामांचा जायचा — जीव माझा. कारण जहाजातली सगळी पत्रं इंग्रजीत, आणि दुपारी घरात इंग्रजी येणारी मी एकटी. "सूनबाई, हितं काय लिवलंय बघ की." दिवसातून दहा वेळा. मी कुकरच्या शिट्ट्या मोजू की त्या मेल्या जहाजाच्या किल्ल्या?

पण हेही खरं — त्यांनी जुन्या ग्राफच्या कागदावर अख्खं जहाज उतरवलं होतं. एक चौकोन म्हणजे एक पाऊल. जिने, इंजिन, स्वयंपाकघर, सगळं. एकच खोली कोरी होती, कारण तिचं दार उघडत नव्हतं.

त्या दिवशी नणंदेकडची माणसं जेवायला यायची होती. माझे हात पिठात, तव्यावर भाकरी — आणि मामांची चौथी हाक. मी गेले तणतणत. पडद्यावर कप्तानाचं लांबलचक पत्र. पहिल्याच ओळीत त्या दाराची किल्ली कुठे आहे ते होतं. मी वाचलं. नीट वाचलं.

आणि म्हटलं, "समाप्त, असं लिहिलंय. संपला गेम."

का? भाकरी करपत होती म्हणून? नाही हो. मला त्या हाका बंद व्हायला हव्या होत्या — बस.

"म्हंजी कप्तान घावलाच न्हाय?"

"नाही."

मामांनी कागदाची घडी घातली. "लई तरास दिला तुला," म्हणाले. चिडले असते तर मला भांडता तरी आलं असतं. हे काय बोलणं झालं?

पुढच्या आठवड्यात ते टेंभुर्णीला लग्नाला गेले, तेव्हा मी ते दार उघडलं. हो, मीच. कप्तान आतच होता. म्हटलं, मामा आले की सांगू — पण सांगायचं म्हणजे आधी माझं खोटं सांगायचं. आज नको, उद्या. असे किती उद्या गेले, आणि मामांचा काचबिंदू बळावला. आता त्यांना फक्त उजेड कळतो.

कागद अजून त्यांच्याच कपाटात आहे. कधीमधी उलगडून मांडीवर घेतात. काल मी चहा द्यायला गेले तर म्हणाले, "सूनबाई, त्यो कप्तान कुटं गेला असंल गं?"

मी म्हटलं, "कुणाला ठाऊक, मामा."