अठ्ठ्याऐंशीची वाइन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि सांगायला बसले की आधी लछमन अंकल किती चांगले होते तेच सांगावंसं वाटतं – म्हणजे मूळ गोष्ट पुन्हा टळतेच, नाही का?

अंकल सिंधी. उल्हासनगरात, फाळणीनंतर निर्वासितांना मिळालेल्या त्यांच्या बरॅकीमागे छोटं अंगण होतं. चारी बाजूंनी उंच भिंत, आत द्राक्षांचा मांडव. नाशिकहून आणलेल्या काड्या त्यांनी तिथं जगवल्या होत्या. आमच्या दमट हवेत द्राक्षं आंबटच राहायची, पण अंकल म्हणायचे, फेसाळ वाइनला अशीच लागतात. धंदा त्यांचा रिकाम्या बाटल्यांचा. मुंबईच्या हॉटेलांतून आलेल्या जाड काचेच्या बाटल्या ते विकत नसत, या वाइनसाठी ठेवत. एका सालची वाइन दुसऱ्या सालात मिसळायची नाही, हा त्यांचा हट्ट. सगळी घरच्यांसाठी, पाहुण्यांसाठी.

मी अंबरनाथची. बीएस्सी होऊन घरी बसलेली. बाबा मोरिवलीच्या कारखान्यात होते. त्यांच्या ओळखीनं मी अंकलच्या दुकानात कामाला लागले. "केमिस्ट्री पढी है ना? मग चल," म्हणत त्यांनी मला अंगणात नेलं. देवी आंटी – त्यांची बायको – दुपारी मला शेजारी बसवून स्वतःच्या ताटातली कढी वाढायच्या. आमचं बौद्धांचं घर. आडनाव ऐकून चेहरे बदलताना मी पाहिले होते. या दोघांनी ते कधी विचारलंच नाही. त्याचं मला किती वाटायचं, कसं सांगू?

तर – अठ्ठ्याऐंशी साल. आंबून तयार झालेल्या वाइनमध्ये मोजून साखर घालायची, बाटल्या भरायच्या, बुचं तारेनं बांधायची. ती साखर बाटलीत आंबते आणि फेस धरतो. साखर जास्त झाली तर बाटली फुटते. मला हे पाठ होतं. त्या दिवशी अंकलनी हे काम पहिल्यांदा एकटीवर सोपवलं. मी साखर घातली. दुकानात गिऱ्हाईक आलं, उठले, परत आले – आणि पुन्हा घातली.

ती चूक होती. पण मी कबूल करतेय ते याच्या पुढचं.

संध्याकाळी साखरेचा डबा उघडला आणि माझ्या लक्षात आलं. बाटल्या बांधून झाल्या होत्या, अंकल खुशीत होते. म्हटलं, उद्या सांगू. मग परवा. बुचं सैल केली असती तर एका सालची वाइन गेली असती, बस. का नाही बोलले मी? भीती होती का? अंकल लोकांना "ये मेरी केमिस्ट" म्हणून माझी ओळख करून द्यायला लागले होते. ते मला सोडवत नव्हतं.

मे महिन्यात गाळ बुचाकडे उतरावा म्हणून अंकल बाटल्या फिरवत असताना एक फुटली. काच उजव्या डोळ्यात गेली. मीच धावत रिक्षा आणली, त्यांचं डोकं मांडीवर धरलं. "रो मत बेटी," ते म्हणाले. "बाटली पुरानी थी. मीच बघितली नाही."



डोळा गेला. ते इस्पितळात असताना उरलेल्या बाटल्या मी ओल्या पोत्यात गुंडाळून एकेक उघडल्या आणि मोरीत ओतल्या. आंटींना वाटलं, केवढी काळजी करते पोरगी. मी कुणी चव घेऊन जास्तीची साखर ओळखू नये म्हणून ओतत होते.

पुढच्या वर्षी अंकलनी तराजू माझ्यापुढे सरकवला. "आता मला बरोबर दिसत नाही. साखर तूच घाल." ती वाइन सुरेख झाली. माझ्या लग्नानंतर आम्हा दोघांना जेवायला बोलावून त्यांनी तीच उघडली. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात, तिथल्या लॅबमध्ये, मला त्यांच्याच शब्दावर नोकरी लागली. माझं घर, मुलांची शिक्षणं – सगळं त्या नोकरीवर उभं राहिलं. त्या दोघांची आठवण आली की आजही मन भरून येतं.

अंकल गेले तेव्हा मी आंटींना भेटायला गेले. त्यांनी माझा हात धरला. "त्या दिवशी तू रिक्षा आणली नसती तर दुसरी आँखही गेली असती. शेवटपर्यंत बोलत होते – इस लड़की ने मुझे बचाया."

"असं काय बोलता आंटी," मी म्हटलं. त्यांनी चहा केला. मी तो प्यायले आणि घरी आले.