जुन्नर ते तराक्ली, आणि शेजारचा डबा

तुर्कस्तानला जायचं खूळ माझं नव्हे, माझ्या बायकोचं, सुलभाचं. टीव्हीवर हिंदीत बोलणारी तुर्की मालिका लागली की ती गॅस बारीक करून येऊन बसायची. गोष्टीत तिला फारसा रस नव्हता. त्या लोकांची लाकडी घरं, अंगणातली जेवणं, काचेच्या पेल्यातला चहा, हे ती बघायची. "एकदा जाऊन खाऊन येऊ," म्हणायची. मी एसटीत वाहतूक नियंत्रक. "आधी आळेफाट्याच्या पुढं तर चल," म्हणून चेष्टा करायचो. तिला देवाघरी जाऊन दोन वर्षं झाली. निवृत्तीनंतर घरात मी आणि टीव्ही एवढेच उरलो, तेव्हा एका दुपारी ठरवलं, जाऊन येतो.

निघण्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी. सुलभा गेली तेव्हा घरात चूल पेटली नव्हती आणि समोरच्या शमीमभाभींनी पिठलं-भाकरी पाठवली होती. पिठलं कडीच्या स्टीलच्या डब्यात होतं, डब्यावर त्यांचं नाव कोरलेलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही सुलभाची रीत. मला चहापलीकडे काही येत नाही. पहिल्याच आठवड्यात मूठभर साखर घालून डबा दिला असता तर विषय संपला असता. पण माणसं येत-जात राहिली, डबा मांडणीवर मागं सरकला, आणि महिने उलटल्यावर नुसती साखर घालून द्यायची लाज वाटायला लागली. भाभींकडूनही पुन्हा काही आलं नाही. समोरासमोर घरं असून मी गल्लीतून मान खाली घालून जायला लागलो.

असो. जाणार असाल तर व्हिसाचं काम दोन-तीन महिने आधी काढा. मला मुंबईच्या दोन खेपा पडल्या. जुन्नरहून माळशेजमार्गे कल्याण, तिथून टॅक्सीनं विमानतळ, पुढं इस्तंबूल. इस्तंबूलमध्ये एकच रात्र राहिलो. सगळीकडे जोडपी फोटो काढत होती आणि मला दोनदा फोन हातात देऊन "आमचा काढा" अशी खूण झाली. माझा काढायला मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसनं अडापाझारी, तिथून मिनीबसनं तासाभरावर तराक्ली. इथल्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये एक माणूस चहा देतो आणि प्रवाशांच्या हातावर कोलनवॉटर, म्हणजे लिंबाच्या वासाचं सुगंधी पाणी, ओततो. आयुष्य डेपोत काढलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल, कल्पना करा. गाडी सुटलीही वेळेवर. त्याचं कौतुक करायला शेजारच्या सीटकडे वळलो, तर तिथं माझीच पिशवी होती.

तराक्ली म्हणजे डोंगराच्या कुशीतलं झोपाळू गाव. सुलभा टीव्हीवर बघायची तशी जुनी लाकडी घरं, मशिदीजवळ प्रचंड चिनार, त्याखाली चहावाले आणि लाकडी चमचे विकणारी दुकानं. एका घरगुती लॉजमध्ये उतरलो. भाडं नाश्त्यासकट पुण्यातल्या बऱ्या लॉजइतकं. मालकीणबाई नेरमिन, पन्नाशीच्या. बोलणं सगळं फोनमधून: त्या तुर्कीत बोलायच्या आणि पडद्यावर पुस्तकी मराठी उमटायचं. पहिला प्रश्न आला, "तुमची पत्नी कुठे आहे?" मी वर आकाशाकडे बोट केलं. त्यासाठी फोनची गरज पडली नाही.

दोन दिवस मी नुसता हिंडलो. चिनाराखाली बसायचं, चहा प्यायचा, परत यायचं. नाश्त्याला उहुत नावाचा प्रकार चाखला: मोड आलेले गहू वाटून, साखर न घालता तासन्‌तास आटवलेला गोड लगदा. आपल्या गव्हाच्या चिकाच्या जवळपासचा. सुलभाला एका घासातच कळलं असतं कसा करतात ते. मला फक्त आवडला, आणि हे सांगायला कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी परतीचं तिकीट अलीकडे घेता येईल का, हे मी बघून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी, मला ओट्यावर एकटा बसलेला बघून, द्राक्षाच्या पानात भात भरलेल्या सुरळ्यांची बशी आणून दिली. हसल्या आणि गेल्या. मी खाल्ल्या, बशी स्वच्छ धुतली आणि पोचती करायला नेरमिनबाईंकडे दिली. त्यांनी बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फोनमध्ये काहीतरी बोलल्या. पडद्यावर आलं: "ताट रिकामे जात नाही."

मी खाली बसलो. इतक्या लांब येऊन मला सुलभाचंच बोलणं ऐकायला मिळालं होतं. नेरमिनबाईंना वाटलं, त्यांचं काही चुकलं. त्यांनी पाणी आणून दिलं.

पिशवीत नारायणगावात घेतलेली शेंगदाण्याची चिक्की होती. ती बशीत घालून आजींकडे गेलो. दुसऱ्या दिवशी तीच बशी उहुत घेऊन आली. मी पुन्हा चिक्की दिली. असं चार दिवस चाललं आणि चिक्की संपली. मग नेरमिनबाईंना विचारलं, सगळ्यात सोपं काय करता येईल? त्यांनी मला स्वयंपाकघरात शेगडीपाशी उभं केलं. मसूर, कांदा, गाजर शिजवून घोटायचं, वरून लोण्यात परतलेली लाल मिरची आणि पुदिना. घोटताना हात पोळला. वाडगा घेऊन गेलो तर आजींनी चमचाभर चाखून फोनमध्ये सांगितलं, "मीठ कमी." आणि वाडगा संपवला.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी बाजारातून मसूर आणला. दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा जमलं. डबा घासला, भरला, आणि समोरचं दार वाजवलं.

शमीमभाभींनी डब्यावरचं नाव वाचलं. "भाऊ, ह्ये काय?"

"मसुराचं सूप. मी केलंय. डबा लई दिवस राहिला, भाभी. मला सैपाक येत न्हवता, आन रिकामा कसा द्यायचा, म्हणून राहिला."

"मला वाटलं, सुलभाताई गेल्या आन तुमाला आमच्या घरचं नको झालं," त्या म्हणाल्या. "म्हणून मी बी पुन्ना काय धाडलं न्हाई."

मी संकोचानं गप्प राहिलो आणि त्यांनी ते दोन वर्षं असं वाचलं होतं. याची मला फार शरम वाटली, तसंच सांगितलं.

"थांबा, जाऊ नका," म्हणून त्या आत गेल्या आणि एक वाटी घेऊन आल्या. वाटीवर सुलभाचं नाव होतं. "आजारी पडायच्या आदी त्यांनी कटाची आमटी दिली व्हती. मग तुमी बोलंना, मला बी यायला तोंड व्हईना." वाटीत साखर होती. "घरात दुसरं काय तयार न्हाई, भाऊ. रिकामी कशी देऊ?"

तुर्कस्तानात बघण्यासारखं काय, असं लोक विचारतात. मी चिनार सांगतो, उहुत सांगतो, बसमधला चहा सांगतो. घरात अजून मी एकटाच असतो, त्यात फरक नाही. पण त्या दिवशी घरी येऊन त्या साखरेचा चहा केला आणि वाटी समोर ठेवून बसलो. दोन वर्षांत माझ्यासमोर कुणी सुलभाचं नाव घेतलं नव्हतं. भाभींनी घेतलं होतं.