भीमाशंकरअप्पांचा पाचवा पाट

परळीच्या बाजारात भीमाशंकरअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत अप्पा चहा सांगतात. वाटी घ्यायला आलेला माणूस चहा पितो, पान खातो, भाचीच्या स्थळाची माहिती घेतो आणि समाधानाने निघून जातो. वाटी घ्यायची राहिली हे त्याला घरी गेल्यावर आठवतं. अप्पांनाही साधारण तेव्हाच आठवतं. एवढं असूनही दुकान चालतं, ही वैजनाथाची कृपा आणि शिवकांतावहिनींची करडी नजर.

साऱ्या गावाशी गप्पा मारणाऱ्या या माणसाला एकाच माणसाशी बोलता येत नसे. तो म्हणजे त्यांचा मुलगा सोमेश्वर. तसं भांडण काही नव्हतं. पोराला मिसरूड फुटलं आणि दोघांनाही एकमेकांची लाज वाटू लागली, इतकंच. "जेवलास का?" असं अप्पा विचारत. "हो," असं सोमेश्वर म्हणे. मग अप्पा छताकडे बघत आणि सोमेश्वर चपला शोधी. त्या घरातल्या चपला बापलेकांच्या बोलण्यानंतर नेहमी हरवलेल्या असत.

पंचाण्णव साली सोमेश्वर चांगल्या गुणांनी दहावी पास झाला आणि त्याला अकरावीसाठी लातूरला ठेवायचं ठरलं. त्या वर्षांत आमच्याकडचं प्रत्येक हुशार पोरगं लातूरला जाई आणि परत येई ते पाहुणा होऊनच. अप्पांनी शेजारपाजारी हे पाहिलेलं होतं. पोर जायच्या आधी एकदा तरी त्याच्याजवळ बसून मनसोक्त बोलावं, हे त्यांनी मनात घेतलं. पण ते जमवायचं कसं?

नेमका त्याच सुमारास औरंगाबादहून कुकर कंपनीचा एजंट आला. बाजारात तेव्हा रोज काहीतरी नवं येत होतं. गल्लीत केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडीची काचेची खोली आली होती आणि अप्पांच्या दुकानात पितळेचे हंडे मागे सरकून नॉनस्टिकचे काळे तवे पुढे बसले होते. एजंट म्हणाला, मुंबईत हल्ली आईबाप आणि मोठी मुलं एकत्र जमून स्वयंपाक करतात, त्याला पार्टी म्हणतात आणि त्यात कुकर खपतात. अप्पांनी यातलं कुकरचं काही ऐकलंच नाही.

त्यांनी संध्याकाळी मला ओसरीवर गाठलं. आमची भिंत एकच. "मास्तर, आपुनबी पार्टी करायची. पाच घरं. प्रत्येक पाटावर एक बाप न्हाईतर आई, आन एक लेकरू. शेंगोळे करायचे."

"शेंगोळेच का?"

"मला तेवढंच येतंय."

शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या, कुळथाच्या पिठाचे. लसूण-तिखट घालून पीठ घट्ट मळायचं, पाटावर तळहाताने वळून त्याची कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. घटकाभर वळत बसावं लागतं. अप्पांना तीच घटका हवी होती.

शिवकांतावहिनी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या. "अवो, लोकांला जेवायला बोलवायचं आन कामाला लावायचं? मरेपर्यंत बोलतील लोक."

"बोलू दे."

"पोरासंगं बसायचंय तर बसा की. त्याच्यासाठी चार घरं कावून गोळा करताव?"

अप्पांनी ओसरीवरचा पाट उगाच सरळ केला. मग म्हणाले, "नुसतं बसून काय बोलू त्याच्याशी? हाताला काम असलं की तोंड सुटतंय माणसाचं."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हुलगे निवडायला घेतले. गावाला मात्र हे कारण सांगता येणं शक्य नव्हतं. बापाला लेकाशी बोलायचंय म्हणून पार्टी, असं म्हटलं असतं तर परळी वर्षभर हसली असती. म्हणून अप्पांनी ही दुकानाची जाहिरात आहे असं सगळीकडे सांगितलं. सोमेश्वरलाही तेच सांगितलं.

मग तयारी सुरू झाली. अप्पांनी अंगणात खडूने पाच चौकोन आखले, ते पुसले आणि पुन्हा आखले. विजेच्या कारखान्याची राख पिठात पडू नये म्हणून वर ताडपत्री बांधली. स्टोव्ह गोळा केले. ते पेटतात का हे बघण्यासाठी पाचही एकदम पेटवले, तेव्हा समोरच्यांनी घागरी घेऊन धाव घेतली. पण त्यांची खरी काळजी वेगळी होती. पाहुण्यांना कामाला लावल्यासारखं वाटू नये. "एकेकाजवळ जाऊन मी सोता बघणार," ते मला म्हणत. "कोणाला म्हणून अवघडल्यासारखं वाटू द्यायचं न्हाई." मी मान डोलवली. तेव्हा मलाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. आमच्याकडे यजमान असाच असतो. तो सगळ्यांच्या शेवटी बसतो, आणि पुष्कळदा बसतच नाही.

रविवारी दुपार कलल्यावर मंडळी आली, ती लग्नाला यावी तशी. दवाखान्यातल्या साखराबाई नर्स मुलगा महांतेशसह आल्या, त्या जरीच्या पदरात. रेल्वेतले मोहनराव लेक राजनंदिनीला घेऊन आले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. धर्मापुरीहून उत्तरेश्वर आणि त्याचा सत्यम आले, ते मोठा डबा घेऊन.

"ह्यात काय आणलंस?" मी विचारलं.

"शेंगोळे," उत्तरेश्वर हळूच म्हणाला. "मंडळींनी करून दिलेत. म्हणली, गडी माणसं करणार, कोण उपाशी राहायला नको."

चहा झाला, भजी झाली. मग सगळे पाटांवर बसले. चौथ्या पाटावर मी आणि माझी मुलगी अपेक्षा, पाचव्यावर अप्पा आणि सोमेश्वर. अप्पांनी परातीत पीठ घेतलं. सोमेश्वरने बाह्या सारल्या, पाणी ओतलं आणि विचारलं, "अप्पा, तुमी लहानपणी कोणाकडून शिकलाव हे?"

एवढं लांब वाक्य तो वडिलांशी कित्येक दिवसांत बोलला नसेल. अप्पांचा चेहरा असा उजळला की मी माझं पीठ मळायचं थांबवलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि साखराबाईंचा स्टोव्ह विझला.

"आलो रं," म्हणत अप्पा उठले.

स्टोव्ह पेटवून येतात तो मोहनरावांना तिखट लागलं. मोहनरावांना गूळ देऊन येतात तो माझ्या पाटाला पाणी कमी पडलं, आणि माझ्या मुलीने ते मागायच्या आत अप्पा तांब्या घेऊन हजर. एकदा ते खरंच बसले. हात धुतला, पिठाचा गोळा घेतला, अर्धी कडी वळली. तेवढ्यात उत्तरेश्वरचा रिकामा पेला त्यांच्या नजरेस पडला. उत्तरेश्वर काही बोलला नव्हता.

"अप्पा, बसा की एका जागी," मी म्हणालो.

"बसतो की मास्तर, बसतो. तुमाला पापड भाजून आणू का?"

आम्ही बाकीचे मात्र रंगलो होतो. सत्यमने कड्यांचे आकडे वळले आणि बापाला वाचायला लावले. साखराबाई महांतेशला "इंजेक्शन दिल्यासारखं दाबू नको बे" म्हणाल्या. पाचव्या पाटावर सोमेश्वरने पीठ मळलं आणि तो वाट बघत बसला. त्याने गोळ्यावर ओलं फडकं टाकलं. थोड्या वेळाने फडकं काढून बघितलं, पाण्याचा हात फिरवला, पुन्हा झाकलं. मग मोहनरावांनीच हाक मारली. "सोम्या, एकटा काय बसलास? आन इकडं तो गोळा."

सोमेश्वर आपली परात घेऊन त्यांच्याकडे सरकला. मोहनरावांनी त्याला तळहात कसा फिरवायचा ते दाखवलं. राजनंदिनी काहीतरी म्हणाली आणि तो मोठ्याने हसला. अप्पांनी ते हसणं पापड भाजता भाजता ऐकलं आणि मला अभिमानाने म्हणाले, "रमलंय बघा पोरगं."

जेवणं झाली. सगळ्यांनी तोंडभरून नाव काढलं. उत्तरेश्वरचा डबासुद्धा संपला. निघताना मोहनराव चपला घालत सहज म्हणाले, "अप्पा, पोरगं लातूरला जायला लई भेतंय की. म्हणतंय, रातच्याला झोप येईना. तुमाला बोलला आसंलच."

"बोलला की," अप्पा म्हणाले.

ते त्यांनी इतकं चटकन म्हटलं की मोहनरावांना काही कळलं नाही. मोहनराव गेले, साखराबाई गेल्या, धर्मापुरीची मंडळी बस गाठायला गेली. अंगणात अजून उजेड होता. अपेक्षा पाट उचलत होती, तिला अप्पांनी पाचवा राहू दे म्हणून खुणावलं. घरच्या पिठाच्या डब्यात उरलेलं पीठ परातीत काढलं आणि ते पाटावर बसले.

"सोमेश्वर, ये. आपलं राहिलं की करायचं."

सोमेश्वर आला, पण बसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या चेहऱ्यावर नुसती अदब होती. "अप्पा, पोट भरलंय माझं. तुमी दमलाव, पडा जरा." आणि जाता जाता, बापाला बरं वाटावं म्हणून, "मस्त झालं. कुकर खपतील आता."

"खपतील की," अप्पा म्हणाले.

तो आत गेल्यावर त्यांनी एकट्याने थोडे शेंगोळे वळले. वहिनींनी येऊन परात उचलली.

लातूरला सोमेश्वरची भीती गेली असावी. कशी गेली, कोणी घालवली, हे अप्पांना ठाऊक नाही. रविवारी ते एसटीडीच्या खोलीत शिरत, काचेतून मीटरचे आकडे पळताना बघत आणि "जेवलास का?" विचारून बाहेर येत. पुढे तो पुण्याला गेला, कॉम्प्युटरच्या नोकरीला लागला. गावाने बरीच वर्षं त्या पार्टीची आठवण काढली, पुन्हा करा म्हणून गळ घातली. अप्पा हसून चहा सांगत.

परवाच्या दिवाळीला सोमेश्वर दोन दिवसांसाठी आला होता. मलाही जेवायला बोलावलं. पंगत बसली आणि अप्पा वाढायला उभे. सोमेश्वर म्हणाला, "अप्पा, बसा ना आमच्यासंगं. मी सांगतो तिकडच्या गमती."

"बसतो की. तुमचं होऊ द्या."

वहिनी आतून ओरडल्या, "अवो, बसा म्हणतंय ना पोरगं." अप्पा खरंच खाली वाकले, पाटाला हातही लावला. मग त्यांना सोमेश्वरच्या भातावर तूप कमी दिसलं आणि ते लगबगीने आत गेले. तुपाचं भांडं सापडायला वेळ लागला. ते घेऊन बाहेर आले तेव्हा सोमेश्वर हात धुवायला उठला होता.

अप्पा भांडं धरून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुमाला वाढू का थोडं?"