माशांच्या नावाने उजेड

माझं माहेर सानगडीचं. तिकडे तलावातला मासा घरी आला की लोक एकच विचारतात, तेल तापलं का? त्यामुळे नवऱ्याने वरठीहून माशांची काचेची पेटी आणली तेव्हा मी आधी पेटीकडे पाहिलं, मग बोटाएवढ्या त्या माशांकडे, आणि त्यांची दया येऊन गप्प बसले. त्याच्या कारखान्यातल्या एका सोबत्याची बदली झाली होती. जाताना त्याने पेटी, झाकण, दिवा आणि मासे असा सगळा संसार आमच्या गळ्यात घातला. नवऱ्याला मात्र घबाड मिळाल्यासारखं झालं होतं.

पेटी ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. आंधळगावच्या आमच्या घरात समोरची अर्धी खोली हातमागाने अडवलेली आहे. सासरे, म्हणजे मामाजी, जन्मभर त्यावर कोशाचं रेशीम विणत आले. नवऱ्याला तिथे सोफा हवा होता. त्यावरून बापलेकांची वरचेवर जुंपायची, आणि शेवटी एक तह झाला होता. मामाजींना धागा नीट दिसतो तोवर माग राहील, दिसेनासा झाला की निघेल. मामाजी तेव्हा म्हणाले होते, "धागा दिसत नाही असा दिवस येतच नाही माह्या घरी." असं म्हटल्यावर पुढे बोलायला जागाच उरत नाही. तर सोफ्याच्या आशेवर असलेल्या नवऱ्याने माशांची पेटी मागाला खेटून ठेवली.

झाकणाच्या आत एक बारकी ट्यूब होती. तिचा निम्मा उजेड झाकणाच्या काळ्या पोटातच जिरायचा आणि मासे संध्याकाळ झाल्यासारखे फिरायचे. नवरा मोबाइल घेऊन बसला. जास्त जोराचा दिवा लावला तर पाण्यात शेवाळ माजतं, असं त्याला कळलं. त्यापेक्षा ट्यूबच्या वर चकचकीत पत्रा बसवला की वाया जाणारा उजेड खाली पाण्यात पडतो, त्याला रिफ्लेक्टर म्हणतात. हे ज्ञान झाल्यावर तो तडक स्वयंपाकघरात गेला आणि मी त्याच्याच डब्याच्या पोळ्या गुंडाळायला आणलेली चांदीच्या कागदाची गुंडाळी घेऊन आला.

कागद मोठ्या हौसेने चिकटवला. पाण्याच्या वाफेने तो लवकरच सुटला आणि ओल्या पापडासारखा खाली लोंबला. मासे येऊन त्याला टोचून पाहायला लागले. मी म्हटलं, "आता माशांनाही डबा बांधून देता काय?" त्याला ते लागलं. पुढच्या सुट्टीला भंडाऱ्याला जाऊन त्याने स्टीलचा जाड पत्रा कापून आणला. तो इतका जड निघाला की झाकण मध्ये वाकलं, आणि बसवताना नवऱ्याचं बोट कापलं ते वेगळंच. कारखान्यात रोज पोलादाशी खेळणारा माणूस घरी एवढ्याशा पत्र्याने रक्तबंबाळ होतो, हे मी शेजारी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे फक्त समोरच्या घरी सांगितलं.

आणि अचानक मामाजी मैदानात उतरले. तोवर त्यांनी त्या पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता म्हणाले, "अंधारात काहून ठेवून राहिला रे त्याइले? मुका जीव आहे. सरक, तुले नाही जमत." आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो.

विणकराच्या घरात दिव्यावर पत्र्याची टोपी असतेच. उजेड चहूकडे सांडू नये, मागावरच पडावा, म्हणून गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून ती घरीच करतात. मामाजींनी तसाच एक रिकामा डबा फोडला. आतली बाजू राखेने घासून लख्ख केली, पत्रा मागाच्या गोल लाकडी रुळावर ठेवून हातानेच दाबत दाबत त्याला वाक दिला आणि कडा दुमडून घेतल्या. नवऱ्याच्या दोन्ही प्रयोगांच्या नाकावर टिच्चून तो पत्रा झाकणात असा बसला की पाणी उजळून निघालं आणि पेटीच्या तळाचे खडेसुद्धा दिसायला लागले. नवरा खूश झाला. मामाजी काही खूश दिसेनात.

त्यांची परीक्षा निराळीच होती. ते पेटीसमोर उभे राहत नसत. पाय सोडायला मागाखाली खड्डा असतो, त्यात उतरून आपल्या जागेवर बसत, कोशाचा एक धागा दोन बोटांत ताणून धरत आणि मान हलवत, "नाही. कमीच पडून राहिला."

मी विचारलं, "मामाजी, मासे सूत काततात काय?"

"धागा दिसला का मासा बी दिसते, सूनबाई. हिसाब एकच आहे."

मग रोज काहीतरी सुधारणा व्हायला लागली, आणि सगळी माशांच्या भल्यासाठी. एकदा म्हणाले, आत गरम होते, हवा पाहिजे. म्हणून झाकण मागाच्या बाजूने लाकडाचा तुकडा लावून उचललं. मग म्हणाले, उजेड सरळ माशांच्या डोळ्यात जाते, थोडा बाजूला वळवा लागते. म्हणून पत्र्याचा वाक बदलला. त्यानंतर झाकणाची त्या बाजूची पट्टीच कापून टाकली, कारण म्हणे माशांना बाहेरचं दिसलं पाहिजे, कोंडल्यासारखं होते. सासूबाई शेजारी बसून धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरत होत्या. त्या यावर काहीच बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं असताना त्या गप्प राहिल्या की काहीतरी शिजतंय हे मला एव्हाना कळायला हवं होतं. पण मला वाटलं, म्हातारपणी माणसाला मासे आवडायला लागले, चांगलं आहे.

एका रविवारी नवरा चहा घेऊन पेटीसमोर बसला. कप हातात तसाच राहिला. मग त्याने मला हाक मारली. पेटीत काळोख होता. मासे एका कोपऱ्यात गोळा होऊन बसले होते. आणि शेजारी माग मात्र लग्नाच्या मांडवासारखा झगमगत होता. डब्याच्या त्या पत्र्यावरून ट्यूबचा सगळा उजेड तिरपा होऊन नेमका मामाजींच्या हाताखालच्या कापडावर पडत होता. माशांच्या वाट्याला काही म्हणता काही उरलं नव्हतं.

मला हसू आलं. अगदी पोटातून आलं. पण नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि ते जागीच विरलं.

"बाबा," तो म्हणाला, "किती दिवसापासून दिसून नाही राहिलं?"

"कोणाले? माशाइले?"

"तुमाले."

मामाजींनी हातातला धोटा खाली ठेवला. मागावर अजून एक दिवा लावा, एवढं म्हणायचा अवकाश होता, कोणीही लावून दिला असता. पण तेवढं म्हणणं म्हणजे तह मोडला, माग गेला. म्हणून त्यांनी माशांच्या नावाने उजेड मागून घेतला होता. शेवटी सासूबाईच बोलल्या, "मोतीबिंदू होय. मले दिवाळीपासून मालूम आहे. आता धरून न्या त्याइले."

नेलं. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया थोड्या थोड्या अंतराने झाली. त्या काळात मागावर चादर टाकून ठेवली होती. नवऱ्याने सोफ्याचं नाव काढलं नाही, आणि मामाजींनीही मागाचं काढलं नाही. मी पत्रा सरळ करून माशांचा उजेड माशांना परत दिला. काळा चष्मा उतरल्यावर मामाजी पहिल्यांदा पेटीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे लाल आहेत? मले वाटे काळेच आहेत." ज्यांच्या हवेची, डोळ्यांची, मनाची एवढी काळजी घेतली, त्यांचा रंगही या माणसाला ठाऊक नव्हता. या वेळी मी मनसोक्त हसले. तेही हसले.

डॉक्टरांनी थोडं थोडं काम करायला हरकत नाही म्हटलं, त्या दिवशी सकाळी अंघोळ करून त्यांनी मागावरची चादर काढली आणि ते खड्ड्यात उतरून बसले. आम्ही सगळे तिथेच होतो. अर्धी साडी मागावर होती, मोहाडीच्या व्यापाऱ्याची. त्यांनी कापडावर हात ठेवला, मग वाकून पाहिलं, मग आणखी वाकून. जागोजागी धागे सुटलेले होते. काठाची रेघ मध्येच सरकली होती. एवढं तर मलाही दिसत होतं, आणि मी शेतकऱ्याची पोर.

"हे कोणं विणलं?" ते म्हणाले.

उत्तर त्यांनाच माहीत होतं. कापडावरून त्यांचा हात पुढे पुढे जात राहिला, प्रत्येक चुकीपाशी थांबत. इतके दिवस मी या माणसाची थट्टा केली होती.

"काढून टाक माग," ते नवऱ्याकडे न बघता म्हणाले. "ठरलं होतं आपलं."

नवरा उभाच राहिला. ज्या शब्दासाठी तो इतकी वर्षं भांडला, तो मिळाल्यावर त्याला घेता येईना. "बाबा, आता तर दिसते ना," एवढंच पुटपुटला.

"व्यापारी घेते का हे? कात्री आण. कापून टाकतो."

सासूबाई कांड्या बाजूला सारून उठल्या. या घरात लग्न होऊन आल्यापासून त्यांनी सूत भरलं, खळ दिली, धागे जोडले. चांगलं उतरलेलं प्रत्येक कापड घडी होऊन व्यापाऱ्याकडे गेलं. कोशाची साडी त्यांच्या अंगावर मी कधी पाहिली नव्हती, आणि मामाजींनीही पाहिली नसावी. त्यांनी तो कापडाचा पट्टा हातात धरला, बोटांनी चाचपला आणि विचारलं, "व्यापारी घेत नाही म्हणता ना? नक्की?"

"नाही घेत," म्हणत मामाजी उठायला लागले.

"मग माही झाली. अन् उठता कुठं? बसा खाली. अर्धी नेसू काय मी?"