दोन तापमानं

विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायचे आणि आमच्याच विभागप्रमुखांच्या हाताखाली पीएच.डी. करायचे. चार वर्षं झाली होती. विषय तप्त प्लाझ्माचा, म्हणजे इतका तापलेला वायू की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटून मोकळे फिरतात. त्याच्या प्रकाशात ठरावीक रेषा दिसतात. दोन रेषांच्या तेजाची तुलना केली की तापमान कळतं. माझ्याकडे मात्र रेषांची एक जोडी एक तापमान सांगायची आणि दुसरी जवळजवळ दुप्पट.

"मोजण्यातच चुकतेस तू," सर म्हणायचे. मी पुन्हा मोजायचे. सुट्टीत साताऱ्याला गेले की फौजेतून निवृत्त झालेले वडील दारातच विचारायचे, "संपलं का गं तुजं?" शेवटी मी घरी जाणंच टाळू लागले.

पाचव्या वर्षी चूक सापडली. मोजमाप बरोबरच होतं. सगळे इलेक्ट्रॉन एकाच तापमानाला आहेत, हे आम्ही धरून चाललो होतो. त्यातले मूठभर मात्र फार वेगवान होते. जी रेषा उजळायला जास्त ऊर्जा लागते, तिला हे मूठभरच उजळवत होते आणि प्लाझ्मा आहे त्याहून गरम भासत होता. त्यांचा हिशेब धरला आणि दोन्ही जोड्या एकाच तापमानावर आल्या. मी रिक्षा करून तडक सरांच्या घरी गेले.

सरांनी कागद दोनदा वाचले. "म्हणजे माझ्या शोधनिबंधांतली तापमानंही चुकली म्हणायची."

"हो, सर."

"प्रबंधातून हे प्रकरण काढ. बाकीच्यावर आजच सही करतो."

मी काढलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "दोन तापमानांत एवढा फरक का?" सर शेजारीच बसले होते. उत्तर माझ्या जिभेवर होतं.

"मोजमापातली त्रुटी असावी," मी म्हणाले.

पीएच.डी. मिळाली आणि साताऱ्यात वडिलांनी आळीभर पेढे वाटले. मग जवळ बसून म्हणाले, "काय शोधलंस गं? लोकं इचारत्यात." मी सगळं सांगितलं.

"मंजी खरं हाय ते भाईरच ऱ्हायलं?"

"हो."

"मग आता कुणाची सही पायजे तुला?"

त्या सुट्टीत मी एकटीच्या नावाने त्यावर शोधनिबंध लिहून एका नियतकालिकाला पाठवला. वर्षभराने तो छापून आला. त्याच आठवड्यात सरांनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. माझं वेळापत्रकही तेच ठरवायचे, आणि ते निवृत्त होईपर्यंत ती किल्ली मला परत मिळाली नाही.