जावईबापू जेवत नाहीत

आमच्या धाकट्या भावोजींच्या हातांवर कायम मीठ असतं. आंघोळ करून आले तरी नखांच्या कडेला पांढरी रेघ राहतेच, आणि पँटच्या गुडघ्यांवर तर कुणी नकाशे काढल्यासारखे डाग. धंदा काय, तर दवाखाने, हॉटेलं आणि बड्या साहेबांच्या केबिनबाहेर मांडलेल्या काचेच्या टाक्या धुणं आणि त्यांतले समुद्री मासे सांभाळणं. गोड्या पाण्याचे मासे सांभाळणारे गावात पुष्कळ आहेत, खाऱ्या पाण्याचे हे एकटेच. म्हणून माझ्या मुलीनं त्यांना खारेकाका म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता ते सगळ्या बिल्डिंगचे खारेकाका झाले.

लग्न दोन-तीनदा जमता जमता राहिलं. एका घरी मुलीच्या आईनं विचारलं, "मासेवाले म्हणजे... टोपली घेऊन?" यांनी धड समजावून सांगावं की नाही! तर हे म्हणाले, "छे, बादली घेऊन." झालं. पुढ्यातला चहा तसाच थंड झाला. घरी येऊन मला सांगताना स्वतःच हसत होते.

मधल्या भावोजींची गोष्ट वेगळी. ते "जरा बघून येतो" म्हणून परदेशी गेले ते तिकडचेच झाले. सासूबाईंपुरता तो मुलगा म्हणजे आता फोनमधून येणारा खोकला. माझे यजमान थोरले, घरातच असतात, पण त्यांचं बोलणं वर्तमानपत्राशी. सासूबाईंशी दोन घटका बसून बोलणारं माणूस घरात एकच, ते म्हणजे खारे भावोजी. आल्या आल्या हात धुऊन आईच्या पलंगाच्या कडेला बसायचं, आज कुठल्या दवाखान्यात कुठला मासा कुणाशी भांडला ते सांगायचं. सासूबाईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही, पण कुठल्या माशाला कुणाचा शेजार चालत नाही ते त्यांना तोंडपाठ.

तर दूर एका समुद्रकाठच्या शहरात मोठं मत्स्यालय उघडणार होतं. भावोजींनी तिथं अर्ज केलाय हे आम्हांला त्यांची निवड झाल्यावर कळलं. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, तिथली टाकी आपल्या बिल्डिंगएवढी आहे. माणूस आत उतरतो. आजवर मी फक्त खांद्यापर्यंत समुद्रात गेलोय."

चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा असा झाला होता की मी पोळी तव्यावर विसरले.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिथं जेवणाचं काय करशील?"

महिनाअखेरीला रुजू व्हायचं होतं. माळ्यावरची बॅग खाली आली, उन्हात ठेवून झाली. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांचं मध्येच निघालं. त्यांच्या दवाखान्याची फरशी उखडायची होती आणि टाकी हलवणं भाग होतं. तिच्यात होता एकुलता एक मासा, नुकताच आणलेला. चांदीसारखं अंग, त्यावर तांबूस-केशरी उभे पट्टे, आणि तोंड म्हणाल तर लांबलचक चोच. आणल्यापासून त्यानं अन्नाला तोंड लावलेलं नव्हतं. डॉक्टर भावोजींना म्हणाले, "तुम्ही निघालात असं ऐकतो. जा, आनंद आहे. पण याला खायला शिकवून जा. तुमच्यामागे मी याचं काय करू? दातसुद्धा नाहीत त्याला काढायला."

भावोजींनी शब्द दिला. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. टाकी आमच्या बाहेरच्या खोलीत आली आणि सोफा गॅलरीत गेला.

आमचे हे कुरकुरले, "माझ्या घरात मला टेकायला जागा नाही, आणि हा पठ्ठ्या एवढ्या महालात एकटा!"

मासा तोऱ्यात इकडून तिकडे फिरायचा. काही पुढे केलं की जवळ यायचा, एका डोळ्यानं बघायचा, वळून दुसऱ्या डोळ्यानं बघायचा आणि पाठ फिरवायचा. माझी मुलगी म्हणाली, "हा तर रुसलेला जावई आहे." तेव्हापासून तो जावईबापू. बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात भेटल्या की पहिला प्रश्न, "जेवले का हो जावईबापू?"

आमच्या घरात मांसमच्छी येत नाही. सासूबाईंनी अटी घातल्या: शिंपल्या मागच्या गॅलरीत उघडायच्या, सुरी वेगळी, आणि स्वयंपाकघरात पाय टाकण्याआधी हात कोपरापर्यंत धुवायचे. भावोजींनी सगळं पाळलं. शिंपली उघडून वाळूवर ठेवली. जावईबापूंनी पाहिली न पाहिल्यासारखं केलं. कोळंबी अगदी बारीक चिरून टाकीतल्या पोवळ्याच्या खडकाच्या भोकांत दाबून भरली, कारण असले मासे समुद्रात फटींमधूनच खाणं टिपतात म्हणे. नाही. लसणाच्या रसात बुडवून दिली. नाही. बाटलीत बारीक जिवंत किडे उबवून सोडले. जावईबापू त्यांच्यामधून असे निघून गेले, जसा एखादा साहेब शिपायांमधून जातो. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की मासा बुजतो म्हणून बाजूच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली. आमचे हे खुर्ची ओढून तिथंच वाचत बसायला लागले.

घरात मात्र खरा घोर लागला तो सासूबाईंना. ताटावर बसल्या की म्हणायच्या, "घरात एक जीव उपाशी, आणि मी भुरके मारू? घास घशाखाली उतरत नाही गं." भात अर्धा तसाच राहायचा. मी देवापुढे बसले की शेवटी त्या माशासाठी हात जोडायची. काय नावानं मागायचं? जावईबापूच म्हणायची. देवाला कळत असणार.

एका सकाळी भावोजींची दबक्या आवाजात हाक आली. "वहिनी, या. पण पळत येऊ नका."

गेले तर जावईबापूंची चोच शिंपलीत. मांसाची बारीक तार ओढत होते, थांबत होते, पुन्हा ओढत होते. भावोजी गुडघ्यांवर बसलेले, श्वाससुद्धा जपून घेत होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"खाल्लं?"

"खाल्लं, आई."

त्यांनी देव्हाऱ्याच्या दिशेनं हात जोडले. मग म्हणाल्या, "म्हणजे आता तू निघणार."

"लगेच नाही. एक दिवस खाल्लं म्हणजे खाल्लं नव्हे. रोजचं झालं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी कुणी दूध ओतल्यासारखं. जावईबापू कोपऱ्यात, वर तोंड करून धापा टाकत होते. खाणं तर लांबच. भावोजींनी बादल्या आणल्या, मीठ कालवलं, छोट्या भिंगातून खारेपणा मोजला, अर्धं पाणी बदललं. मासा सावरला, हळूहळू खायला लागला, आणि पाणी पुन्हा बिघडलं. पुन्हा बादल्या, पुन्हा मीठ. त्यांनी पंप बदलला. मीठ दुसऱ्या पोत्यातलं घेतलं. शिंपल्या दुसरीकडून आणल्या. शेवटी मला म्हणाले, "माझाच हात बिघडला असेल, वहिनी. ज्याला घरात एक मासा जगवता येत नाही, त्यानं बिल्डिंगएवढ्या टाकीत काय उतरायचं?"

मत्स्यालयातून फोन आला तेव्हा त्यांनी माशाचं सांगून आणखी थोडी मुदत मागितली, आणि ती मिळाली. बॅग परत माळ्यावर गेली. त्या दिवशी सासूबाई पोटभर जेवल्या. मला वाटलं, बरं झालं, भूक लागली.

मग एका दुपारी भावोजींनी पाणी गाळायचं यंत्र न्हाणीघरात नेऊन पुरतं खोललं. मी कपडे भिजवायला गेले तर ते आतला स्पंज तळहातावर घेऊन बसले होते. स्पंजच्या घडीत पांढरे, फुगलेले, बुळबुळीत दाणे.

"वहिनी, हे काय आहे?"

मला ओळखायला वेळ लागला नाही. जन्म गेला त्यात. "भात."

"मासा भात खात नाही."

"मासा नाही खात," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ताटात भात उरवणारं माणूस घरात एकच होतं.

सासूबाई पलंगावर चादरीची घडी घालत होत्या. मी समोर जाऊन बसले.

"आई, टाकीत भात तुम्ही घातलात?"

त्यांनी चादरीची दोन टोकं नीट जुळवली. "घातला. उपाशी मेला असता तर पाप कुणाच्या डोक्यावर?"

"पण तो शिंपली खायला लागला होता."

"लागला होता."

"मग नंतर कशाला?"

"पहिल्यांदा घातला तो दया आली म्हणून. देवाशपथ सांगते. पाणी नासतं हे मला मेलीला काय ठाऊक? पण पाणी नासलं आणि याचं जाणं लांबलं." त्या घडीवर हात फिरवत राहिल्या. "तो खायला लागला की हा जाणार ना, गं?"

"अहो आई, मरेल ना तो!"

"नाही मरणार. हा मरू देणार नाही त्याला. मुलगा कुणाचा आहे, मला माहीत नाही होय?"

मागे टपटप आवाज आला म्हणून वळून पाहिलं. भावोजी दारात उभे होते. हातात स्पंज तसाच, खारं पाणी फरशीवर गळत होतं. किती ऐकलं, विचारायची गरज नव्हती.

ते पुढे आले आणि म्हणाले, "आई, पाय वर घे. फरशी ओली झाली." मग फडकं आणून खाली बसून फरशी पुसली.

संध्याकाळी मी त्यांना गॅलरीत गाठलं. "भावोजी, टाकीला झाकण करा, कुलूप लावा. किल्ली माझ्याकडे द्या. शिंपल्यासुद्धा मी चिरीन, मग देव मला काय म्हणायचं ते म्हणो. तुम्ही जा."

"कुलूप? आईसाठी?"

"मग काय करणार?"

"आईला कुलूप घालून गेलो तर मधल्याहून वाईट गेलो, वहिनी."

त्यानंतर सासूबाईंनी बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. कुणी बंदी केली नव्हती. पाणी काचेसारखं निवळलं. जावईबापू शिंपलीतलं खायला लागले, मग चिमट्यातलं, मग बर्फात ठेवलेली कोळंबीसुद्धा. इतक्या विनवण्या केलेल्या माशासमोरून आता आवाज न करता जावं लागत नव्हतं. पण घर गप्प झालं. मुलगीही "जेवले का" विचारेना. देवापुढे बसले तर काय मागावं ते सुचेना, नुसते हात जोडून उठायची.

मत्स्यालयाचा फोन आला तेव्हा भावोजी खाणं घालत होते. हात ओले म्हणून त्यांनी कोपरानं बटण दाबून फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे एक बाई होत्या.

"मग येताय ना? आता मात्र जागा थांबवता येणार नाही हं. तुमच्या माशाचं झालं का?"

टाकीत जावईबापूंची चोच शिंपलीत होती, शेपटी आनंदानं हलत होती. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई पळी हातात घेऊन उभ्या. मी त्यांच्या मागे.

भावोजींनी माशाकडे बघत सांगितलं, "नाही हो मॅडम. अजून तोंड लावत नाही."

"एका माशासाठी?"

"शब्द दिलाय."

 "बरं, तुमची मर्जी," बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

मला वाटलं होतं, सासूबाईंचा जीव भांड्यात पडेल. त्या माशाकडे बघत होत्या. मग मुलाकडे बघितलं. पळीतली आमटी पदरावर सांडली तरी त्यांना कळलं नाही.

"अरे, पण तो तर..."

"काय, आई?"

भावोजींनी इतक्या मऊ आवाजात विचारलं की सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "जेवायला चल. ताटं वाढलीत."

डॉक्टरांच्या दवाखान्याला नवी फरशी बसली. टाकी परत गेली. जावईबापू चांगले बाळसेदार झालेत. दाढ दुखून आलेली माणसं त्यांच्याकडे बघून कळ विसरतात, असं डॉक्टर सगळ्यांना सांगतात. भावोजी ठरल्या वारी तिथं जातात, बाही वर करून खांद्यापर्यंत हात आत घालतात. सोफा जागेवर आला. तिकडची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली, नाव आम्ही विचारलं नाही. संध्याकाळी हात धुऊन ते अजूनही आईच्या पलंगाच्या कडेला बसतात आणि कुठला मासा कुणाशी भांडला ते सांगतात. फक्त हल्ली गोष्टी लवकर संपतात, आणि मग दोघं भिंतीकडे बघत बसतात.

परवा पाहुणे आले होते. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, "धाकट्याला म्हणे फार मोठी नोकरी लागली होती. मग का नाही गेला?"

सासूबाई म्हणाल्या, "मी कुठं अडवलं होतं? याच्या माशानंच खाल्लं नाही."

"हो ना," भावोजी म्हणाले, आणि पाहुण्यांकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्हांला साखर किती?"